तिसऱ्या दिवशी थांबलेलं हृदय

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी विद्यार्थिनी मूळची पशुवैद्यक, आता औषधशास्त्रात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. नव्या औषधाचा प्रत्यारोपणावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी तिला एका रॅटचं हृदय दुसऱ्या रॅटच्या पोटात बसवायचं आहे. विस्टार या जातीच्या एका रॅटमधून दुसऱ्यात असे अकरा प्रयत्न झाले. नऊ प्राणी टेबलावर किंवा त्याच रात्री गेले. दोन हृदयं सुरू झाली, पण एक दुसऱ्या दिवशी थांबलं, दुसरं तिसऱ्या. तिचं विचारणं असं: माझे टाके वाईट आहेत का? टाक्यांऐवजी कफ (शिरा जोडायचा प्लास्टिकच्या नळीचा तुकडा) वापरू का? हात बसायला किती महिने लागतात? की सरळ माऊसकडे वळू? आणि थांबलेली ती दोन हृदयं ‘रिजेक्शन’ (शरीराने परका अवयव नाकारणं) म्हणून धरावीत असं सुचवलं गेलं आहे, ते चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. चालणार नाही.

ज्या रॅटच्या प्रतिकारयंत्रणेने दात्याच्या पेशी याआधी कधी पाहिलेल्या नाहीत, तिला परकं हृदय ओळखायला, त्याविरुद्ध टी-पेशींची फौज उभी करायला आणि ते बंद पाडायला साधारण आठवडा लागतो. ब्राउन नॉर्वे जातीचं हृदय लुईस जातीच्या रॅटमध्ये बसवलं आणि काहीही औषध दिलं नाही, तर ते सातव्या दिवसाच्या आसपास थांबतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबलेलं हृदय हे जवळजवळ नेहमी शस्त्रक्रियेचं अपयश असतं. म्हणूनच या क्षेत्रात पहिल्या दोन-तीन दिवसांत थांबलेलं हृदय ‘तांत्रिक अपयश’ म्हणून वेगळं नोंदवतात. मात्र ही मर्यादा प्रयोग सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवायची असते, आणि असे प्राणी किती होते हा आकडा प्रबंधात द्यायचा असतो. निकाल पाहून मग मर्यादा ठरवायची, हे नाही.

यात आणखी एक गोची आहे, ती तुम्ही विचारलेली नाही. विस्टार ही अंतःप्रजनित, म्हणजे पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात पैदास करून जनुकीयदृष्ट्या एकसारखी केलेली, जात नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक प्राणिगृहांत विस्टार किंवा स्प्राग डॉली असतात, आणि दोन्ही बहिःप्रजनित. दोन विस्टार दिसायला सारखे असले तरी ते जुळे भाऊ नसतात. त्यांच्यातलं हृदय कधी खूप टिकेल, कधी लवकर थांबेल, आणि का ते तुम्हाला सांगता येणार नाही. सरावासाठी विस्टार उत्तम, पण औषधाचा परिणाम मोजायला दाता आणि घेणारा अशा दोन ठरावीक अंतःप्रजनित जाती लागतात. लुईस, ब्राउन नॉर्वे, डीए, फिशर ३४४ यांपैकी काय आणि केव्हा मिळेल ते आजच विचारायला लागा. माझ्या एका विद्यार्थ्याचा हात चार महिन्यांत तयार झाला आणि त्यानंतर तो नऊ महिने रॅटची वाट पाहत बसला होता.

आता टाक्यांकडे. तुम्ही लिहिलंय की नऊ प्राणी ‘गेले’. कशाने गेले ते कुठेच नाही. वीस वर्षं मी हे शिकवते आहे आणि नवख्याचं पत्र नेहमी असंच येतं: टाका कसा चुकला याचं वर्णन अर्धं पान, प्राणी कधी आणि कसा मेला यावर एक ओळ. माझा अनुभव सांगते. सुरुवातीचे बहुतेक मृत्यू टाक्याशी संबंधित नसतात. रक्त गेलेलं असतं, अंग थंड पडलेलं असतं, भूल जास्त झालेली असते किंवा रक्तवाहिनी दाबून बंद ठेवणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, फार वेळ राहिलेला असतो. टाका बरा असूनही प्राणी मरतो, आणि आपण रात्रभर टाक्याचाच सराव करत बसतो.

हिशोब करून बघा. रॅटमध्ये दर किलोमागे साधारण ६४ मिलिलिटर रक्त असतं. अडीचशे ग्रॅमच्या रॅटमध्ये म्हणजे सोळा मिलिलिटर. त्यातलं दोन मिलिलिटर सांडलं तर आठवा हिस्सा गेला. माणसाच्या मापात हे अर्ध्या लिटरहून जास्त. आपल्याला मात्र ते ‘थोडं ओलं झालं’ इतकंच वाटतं, कारण मायक्रोस्कोपखाली सगळंच मोठं दिसतं आणि सांडलेलं रक्त चौकटीबाहेर वाहून जातं. कापसाचे बोळे आणि गॉज आधी कोरडे तोला, नंतर भिजलेले तोला. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. हा एकच आकडा वहीत लिहायला लागलात की निम्मी कोडी सुटतील.

दुसरी गोष्ट तापमान. एवढ्याशा प्राण्याच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र खूप, पोट उघडं, केस काढलेले, वर स्पिरिट फासलेलं. वीस मिनिटांत अंग गार. गुदद्वारात तापमापक ठेवा आणि आकडा ३६ ते ३८ अंशांच्या मध्ये राहतोय ना ते पाहा. आमच्याकडे एका वर्षी मार्च महिन्यात अचानक मृत्यू वाढले. भूल बदलली, दोरा बदलला, एकमेकांवर संशय घेऊन झाला. पंधरा दिवसांनी कळलं की नव्या एसीचा झोत बरोबर दुसऱ्या टेबलावर येतो. पहिल्या टेबलावरचे प्राणी मजेत होते.

आणि इथेच या शस्त्रक्रियेची खरी कसरत आहे: हृदय थंड ठेवायचं आणि ज्याच्या पोटात ते बसवायचं तो प्राणी गरम. तुम्ही शिवत असता तेव्हा काढलेलं हृदय सदतीस अंशांच्या पोटावर पडून असतं आणि रक्ताविना त्याचे स्नायू मरत असतात. म्हणून ते बर्फगार सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचं आणि दर दोन-तीन मिनिटांनी त्यावर थंड थेंब सोडायचे. पण ते थेंब पोटात झिरपले की प्राणी गारठतो. त्यामुळे गॉजच्या कडेला पाणी शोषून घेणारा बोळा हवाच. ज्याला हे दोन्ही एकावेळी सांभाळता येतं त्याची हृदयं जोमदार चालतात. ज्याला येत नाही त्याची सुरू होतात, दोन दिवस कुथतात आणि थांबतात. तुमच्या दोन हृदयांबद्दल माझा पहिला संशय इथेच आहे.

आता मूळ पद्धत, कारण तुमच्या वर्णनावरून ती कुठून तरी पाहून उचललेली वाटते आणि अमुक गोष्ट अशीच का, हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

रॅटच्या पोटात हृदय बसवण्याची पद्धत १९६४ मध्ये अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी दिली. आज आपण करतो ती १९६९ ची ओनो आणि लिंडसे यांची सुधारणा. अ‍ॅबटच्या जोडणीत नळीच्या टोकाला नळीचं टोक जोडलेलं होतं. ओनो-लिंडसेंनी दात्याच्या एओर्टाचं (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीचं) टोक घेणाऱ्याच्या पोटातल्या एओर्टाच्या कुशीला जोडलं, आणि दात्याची फुप्फुस-रोहिणी खालच्या व्हेना काव्हाच्या, म्हणजे मुख्य नीलेच्या, कुशीला. त्यामुळे मागच्या पायांकडे जाणारा प्रवाह चालू राहतो. प्राण्याचं स्वतःचं हृदय छातीत त्याचं काम करतच असतं. पोटातलं हृदय म्हणजे पाहुणा. ते थांबलं तरी प्राणी जगतो, आणि म्हणूनच रिजेक्शनचा दिवस मोजता येतो.

रक्त यात उलट्या वाटेने जातं, हे डोळ्यांसमोर आणा. घेणाऱ्याच्या एओर्टातून रक्त दात्याच्या एओर्टात शिरतं, झडप मिटते, मग ते हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांत जातं, स्नायूंना पोसतं, उजव्या कप्प्यात येतं आणि फुप्फुस-रोहिणीतून व्हेना काव्हात बाहेर पडतं. डावा कप्पा जवळजवळ रिकामाच आकुंचन पावत राहतो. त्यात उरलेलं थोडं रक्त साचून गुठळी होते, हे या पद्धतीतलं ठाऊक असलेलं दुखणं आहे. शवविच्छेदनात डाव्या कप्प्यात छोटी गुठळी दिसली तर घाबरू नका. जोडणीच्या जागी दिसली तर मात्र तो दोष तुमचा.

दात्याकडे घाई करू नका. पोट उघडून व्हेना काव्हातून हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्या, मिनिटभर फिरू द्या, मग छाती उघडा. दोन्ही वरच्या शिरा, खालची शीर आणि फुप्फुसातून येणाऱ्या नीला बांधून टाका. एओर्टा आणि फुप्फुस-रोहिणी यांचे तीन-चार मिलिमीटर लांब बुंधे हवेत. नवखे हे फार आखूड कापतात आणि मग शिवताना हृदय ओढून धरावं लागतं. दोघींमधलं चिकट आवरण थोडं सोडवून घ्या, नाहीतर एक शिवताना दुसरी ताणली जाते.

घेणाऱ्याकडे मात्र क्लॅम्प लावण्याआधीच निम्मी लढाई संपलेली असायला हवी. मूत्रपिंडांच्या खालच्या पट्ट्यात एओर्टा आणि व्हेना काव्हाच्या पाठीमागून कंबरेकडे जाणाऱ्या बारीक फांद्या असतात. त्या शोधून बांधा. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडलेली फांदी क्लॅम्प लावल्यावर, एओर्टा कापल्यावर, शस्त्रक्रियेची सगळी जागा लाल करून टाकते, आणि मग माणूस आंधळेपणाने टाके मारत सुटतो. या सोडवणुकीला नवख्याने चाळीस मिनिटं घेतली तरी माझी तक्रार नसते. क्लॅम्प लावल्यानंतरची चाळीस मिनिटं मात्र फार झाली. तीस मिनिटांच्या आत या, पुढे वीसच्या. क्लॅम्प लांबला की पुढे मागचे पाय लुळे पडलेले दिसतात.

आता टाका. अडीचशे ग्रॅमच्या रॅटचा तिथला एओर्टा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. दोरा नऊ-शून्य किंवा दहा-शून्य नायलॉन. दहा-शून्य म्हणजे केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. चिमटा पाच नंबरचा, म्हणजे मुळात घड्याळजींचाच. त्याची टोकं एकदा पडली की संपली, म्हणून माझ्या टेबलावर चिमटा टोपी घातल्याशिवाय खाली ठेवता येत नाही.

एओर्टाच्या कुशीत छेद दात्याच्या नळीच्या व्यासापेक्षा किंचित मोठा. डोक्याकडच्या आणि शेपटीकडच्या टोकाला एकेक आधाराचा टाका, मग एक बाजू सलग, हृदय दुसऱ्या कुशीवर वळवून दुसरी बाजू सलग. सुई भिंतीला काटकोनात जावी. भिंतीचं आतलं अस्तर चिमट्याने कधीही धरू नका. धरायचं ते बाहेरचं सैल आवरण, आणि तेही कडेपासून थोडं कापून मागे सारलेलं, कारण त्याचा एक धागा जरी आत लोंबला तरी त्यावर गुठळी धरते. सलग टाका ओढून घट्ट केला की बटव्याच्या नाडीसारखं तोंड आवळलं जातं. ताण इतकाच की कडा टेकतील. नीलेचं उलटं: तिची भिंत इतकी पातळ की दोन्ही पदर चिकटून बसतात आणि सुई समोरच्या भिंतीतून आरपार जाते. त्यावर सलाइनचा थेंब सोडा. पाण्यात पदर तरंगतात, तोंड उघडतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, सलाइन चुकून सांडलं तेव्हा कळलं.

क्लॅम्प काढताना शेपटीकडचा आधी. तिकडून मागे येणारा दाब कमी असतो. हृदय भरतं, कुठे पाझरतं ते दिसतं. पाझरलं की पहिली ऊर्मी आणखी टाका मारायची होते. मारू नका. कापसाचा बोळा हलकेच दाबून घड्याळात पूर्ण दोन मिनिटं थांबा. बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. मग डोक्याकडचा क्लॅम्प. हृदय गुलाबी होतं, आधी नुसतं थरथरतं, मग कोमट सलाइन ओतलं की लय धरतं. वीस वर्षांनंतरही हा क्षण मी बोलत बोलत पाहू शकत नाही.

सरावाबद्दल. तुम्ही थेट जिवंत रॅटवर हृदय बसवायला घेतलंत, तिथेच गणित बिघडलं. आधी हातमोज्याचं रबर, ताणून खिळवलेलं, त्यात चीर आणि टाके. मग बाजारातून कोंबडीची अख्खी तंगडी. चिकनवाल्याला मांडीसकट, तुकडे न करता द्यायला सांगावं लागतं. माझा चिकनवाला कित्येक वर्षं मला विचित्र पदार्थ करणारी बाई समजत होता. मांडीच्या आतल्या अंगाला मिलिमीटर-दीड मिलिमीटरची रोहिणी आणि तिच्याशेजारी नीला मिळते, मेलेली असली तरी पोत खरा असतो. जोडणी झाल्यावर रंगीत पाणी सोडा, मग ती नळी उभी चिरून आतून बघा. बाहेरून देखणी दिसणारी जोडणी आतून कशी असते ते एकदा पाहिलं की माणूस नम्र होतो. अशा तीसेक जोडण्या झाल्याशिवाय मी कोणाला जिवंत प्राण्याला हात लावू देत नाही. त्यानंतर दुसऱ्या मंजूर प्रयोगांतून संपलेल्या प्राण्यांची कलेवरं मागून घ्या. दात्याचं हृदय काढण्याचा सगळा सराव तिथे फुकटात होतो आणि एकही जादा जीव जात नाही.

मग येतो तो टप्पा जो जवळजवळ सगळे गाळतात: हृदय न बसवता घेणाऱ्याची शस्त्रक्रिया. भूल, पोट उघडणं, फांद्या बांधणं, पंचवीस मिनिटं क्लॅम्प, एओर्टात छेद, तोच शिवून बंद, क्लॅम्प काढणं, पोट शिवणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रॅट पिंजऱ्यात दोन्ही मागच्या पायांवर उभा राहून तुमच्याकडे बघतोय का? सलग पाच प्राणी असे उभे राहिले की मगच हृदयाला हात घाला. यात मेले तर उत्तर तुमच्यासमोर आहे: टाका सोडून बाकी काहीतरी चुकतंय. अर्थात यासाठीही संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. फॉर्म बी (या मंजुरीचा अर्ज) भरताना सरावाचे प्राणी वेगळ्या रकान्यात स्पष्ट लिहा. लोक ते लपवून मूळ प्रयोगाच्या आकड्यात बसवतात आणि मग प्राणी कमी पडले की तीन दिवसांचं हृदय रिजेक्शनमध्ये ढकलायचा मोह होतो. तुम्हाला सुचवलं गेलेलं त्यातूनच आलं असावं.

शिवणं हे मुळात बोटांचं काम आहे, आणि बोटांना शिकवणारे नेहमी डॉक्टरच असतात असं नाही. रक्तवाहिनी तीन बिंदूंवर ताणून शिवायची पद्धत १९०२ मध्ये मांडणाऱ्या अलेक्सिस कारेलने फ्रान्समधल्या ल्योनच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे धडे घेतले होते. १९१२ चं नोबेल त्याला मिळालं ते याच कामासाठी. (त्याचे पुढचे वंशशुद्धीचे विचार मात्र शिकण्यासारखे नव्हते.) माझ्या विद्यार्थ्यांपैकी सगळ्यात हलका हात एका मुलीचा होता, आणि तिने लहानपणी आजीबरोबर गोधड्या शिवल्या होत्या. योगायोग असेल. हात थरथरण्याचं म्हणाल तर चहा सोडायची गरज नाही, मी सोडलेला नाही. मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल घ्या, कोपर टेकवा, खुर्चीची उंची नीट करा. हवेत लोंबकळणारा हात कोणाचाही थरथरतो.

कफचा प्रश्न. कफ म्हणजे प्लास्टिकच्या नळीचा छोटा तुकडा, त्यातून शीर ओवून बाहेर उलटवायची आणि समोरच्या शिरेत सरकवून वरून दोरा बांधायचा. शिवावं लागत नाही. याचं खरं घर यकृत. १९७९ मध्ये केंब्रिजमध्ये कामादा आणि काल्न यांनी रॅटच्या यकृत-प्रत्यारोपणात पोर्टल व्हेन (आतड्यांचं रक्त यकृताकडे नेणारी नीला) कफने जोडायला सुरुवात केली, कारण तिथे घड्याळ जीवघेणं आहे. पोर्टल व्हेन बंद असेतोवर सगळ्या आतड्यांचं रक्त तुंबून राहतं. वीस मिनिटांच्या आत ती उघडायला हवी, पंचविशी ओलांडली की प्राणी हातचा जातो. कफने दोन-तीन मिनिटांत काम होतं. त्या काळात भूलही कमी करावी लागते, नाहीतर रक्तदाब कोसळतो. फुप्फुसाच्या प्रत्यारोपणातही कफ सोयीचा. पण पोटातल्या हृदयाला तुम्हाला टोकाची नळी कुशीला जोडायची आहे, आणि ती टाक्यांनीच चांगली होते. कफमुळे तुमचे नऊ प्राणी वाचले नसते.

माऊसकडे आत्ता वळू नका. मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण पंचवीस ग्रॅमच्या माऊसमध्ये एकूण रक्त दोन मिलिलिटरांच्या आत, एओर्टा मिलिमीटरहून बारीक आणि दोरा अकरा-शून्य. माऊसचं आकर्षण त्याच्या जनुकबदल केलेल्या जातींमुळे आहे. तुमच्या प्रश्नाला रॅट पुरेसा आहे, आणि रॅटने याआधी मोठे प्रश्न सोडवले आहेत. सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषध प्रत्यारोपणात चालतं हे केंब्रिजमध्ये काल्न यांच्या प्रयोगशाळेत कोस्टाकिस या ग्रीक संशोधकाने १९७७ मध्ये दाखवलं, ते रॅटच्या पोटातल्या अशाच हृदयांवर. ते औषध पाण्यात विरघळत नव्हतं, त्याने ते ऑलिव्हच्या तेलात विरघळवलं. ते तेल त्याच्या आईने ग्रीसहून पाठवलं होतं असं सांगतात. टॅक्रोलिमस या तशाच दुसऱ्या औषधाचंही तसंच. १९८७ मध्ये जपानमध्ये ओचियाई यांनी ते रॅटच्या हृदयांवर तपासलं.

मूत्रपिंड करावं का, असं पुढे कधीतरी विचाराल, म्हणून दोनच वाक्यं. तिथे रक्तवाहिन्या सोप्या आणि मूत्रनलिका अवघड. डावं मूत्रपिंड घ्या, त्याची नीला लांब असते, आणि मूत्रनलिकेभोवतीची चरबी सोलू नका, तिचं रक्त त्यातूनच येतं.

वेदनेबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही, म्हणून थोडं सविस्तर. पशुवैद्यक आहात, तुम्हाला शिकवायला नको, पण पीएचडीच्या घाईत सगळेच विसरतात. ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक भूल उतरण्याआधी द्या, आणि पुढचे दोन-तीन दिवस आठ ते बारा तासांनी. रात्रीचा डोस कोण देणार ते शस्त्रक्रियेच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी ठरवा. या औषधाने रॅट कधीकधी खालचा भुसा खातात, त्यामुळे पहिले दिवस भुशाऐवजी कागद किंवा कापड घाला. आधी उपाशी ठेवायची गरज नाही. रॅटला उलटी होत नाही, आणि रात्रभर उपास काढलेला रॅट साखर कमी होऊन आणखी गारठतो. पिंजऱ्याचा अर्धा भाग गरम गादीवर, अर्धा बाहेर, म्हणजे त्याला हवं तिथे तो सरकेल. डोळ्यांभोवती लालसर पापुद्रा दिसला तर ते रक्त नव्हे, ताणातल्या रॅटच्या डोळ्यांतून पाझरणारा रंग आहे. पाठ कुबड काढल्यासारखी, डोळे अर्धमिटे, कान मागे, असं दिसलं तर पुढचा डोस लवकर. याची नोंद ठेवा, कारण दुखणारा प्राणी खात नाही आणि त्याच्या शरीरात ताणाचे संप्रेरक वाढतात. मग तुमच्या औषधाने प्रतिकारशक्ती दबली की वेदनेने, हे कसं सांगणार?

किती महिने? माझ्या हाताखाली रोज दोन-तीन तास देणाऱ्यांना बहुधा चार ते सहा लागले. आठवड्यातून एकदा येणाऱ्यांना दोन वर्षांतही जमलेलं नाही. हात तयार झाला हे ओळखायची माझी कसोटी एकच आहे: लुईसचं हृदय लुईसमध्ये. तिथे रिजेक्शनचा प्रश्नच नाही. असं हृदय शंभर दिवसांहून जास्त चालतं. सलग दहांपैकी आठ-नऊ हृदयं महिनाभर जोरात चालली, तर तुमच्या हातावर विश्वास ठेवून औषधाचा प्रयोग सुरू करता येतो. आणि प्रयोग सुरू झाल्यावरही लुईस ते लुईस अशी काही जनावरं अधूनमधून करत राहा, कारण हात बिघडतोही. धडधड रोज पोटावरून बोटांनी तपासायची, शून्य ते चार गुण द्यायचे, आणि ते गुण देणाऱ्या व्यक्तीला कुठल्या पिंजऱ्यात कोणतं औषध आहे हे माहीत नसावं. म्हणजे ती व्यक्ती तुम्ही नसावी.

राहता राहिली ती दोन हृदयं. ती टाकून दिली नसतील, फॉर्मॅलिनमध्ये असतील, तर उद्याच काप काढायला द्या. जोडणीची जागा मायक्रोस्कोपखाली उभी चिरून आधी स्वतः पाहा: आत गुठळी आहे का, समोरच्या भिंतीचा टाका आरपार गेलाय का, नळीला पीळ पडलाय का. मग स्नायूची स्लाइड. रिजेक्शन असेल तर स्नायूंच्या मधून लिम्फोसाइट्सचे (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) थवे पसरलेले दिसतील. रक्ताविना मेलेला स्नायू वेगळा दिसतो: पेशींचे सांगाडे जागेवर, केंद्रकं नाहीशी, कडेला न्यूट्रोफिल्स या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी. रोगनिदानशास्त्राच्या विभागात कोणालाही दाखवलीत तरी मिनिटभरात सांगतील. ती स्लाइड त्यांच्या दोन ओळींच्या अहवालासकट तुमच्या मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवा. वाद घालावा लागणार नाही.